छऱ्याच्या बंदुकीला जागा द्या

सातारा-सांगलीकडच्या यात्रा-जत्रांमध्ये फुगे फोडायची बंदूक एकदाही हाती धरली नाही, असा माणूस शोधावा लागेल. पालीचा खंडोबा असो, पुसेगावचे सेवागिरी महाराज असोत की खरसुंडीचा सिद्धनाथ; पाळण्यांच्या शेजारी फुगे लावलेली फळी असते आणि तिच्यासमोर पोराटोरांची गर्दी. बहुतेकांची छऱ्याच्या बंदुकीशी ओळख तिथेच होते आणि तिथेच संपते. म्हणून ती खेळणे वाटते. तिचे दुसरे दर्शन घडते ते बातमीत. कुणी पारवे टिपले, कुणाच्या डोळ्याला छरा लागला, कुणी वानरावर बार काढला, की तीच बंदूक उपद्रवी हत्यार ठरते. या दोन समजुतींच्या गदारोळात एक चांगला छंद झाकोळून गेला आहे. एअर रायफल खोलणे, स्वच्छ करणे, तिचे भाग एकमेकांशी जुळवणे आणि मग दहा मीटरवरच्या कागदावर शांतपणे नेम धरणे, हा तो छंद. यंत्राची समज, हाताचे कसब आणि मनावरचा ताबा ही तिन्ही एकदम शिकवणारे छंद फार नाहीत. तो या दोन जिल्ह्यांत नीट रुजावा आणि त्यासाठी त्याला हक्काची जागा मिळावी, असे आमचे म्हणणे आहे.

आधी हे यंत्र समजून घेऊ. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते. छरा पुढे ढकलते ती दाबलेली हवा. ही कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या फौजेने अठराव्या शतकाच्या अखेरीस हवेवर चालणाऱ्या जिरार्दोनी रायफली प्रत्यक्ष वापरल्या होत्या. आज आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला स्प्रिंगचा. नळी मोडून खाली ओढली की आतला पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन खाचेत अडकून बसतो. चाप ओढला की तो सुटतो, पुढची हवा क्षणार्धात दाबतो आणि त्या हवेच्या धक्क्याने छरा निघतो. दुसरा प्रकार पीसीपी म्हणून ओळखला जातो. त्यात हवा आधीच सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने भरलेली असते आणि प्रत्येक बारासाठी झडप मोजून तेवढीच सोडते. ऑलिंपिकच्या रायफली आता याच प्रकारच्या आहेत. आपल्या वाड्यांच्या माळ्यांवर सापडणाऱ्या जुन्या ‘डायना’ आणि ‘बीएसए’ मात्र स्प्रिंगच्या. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये उभारलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या नॅशनल रायफल विभागाने बनवलेल्या ‘आयएचपी’ बंदुकाही त्याच जातीच्या. ज्यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्याच उद्योगपतीच्या कंपनीने देशातल्या अनेक घरांना पहिली छऱ्याची बंदूक दिली. अलीकडे ठाण्याच्या प्रिसिहोलसारख्या कंपन्यांनी देशी बनावटीचा दर्जा पुष्कळ वर नेला आहे.

बंदूक घ्यायला निघालेला नवखा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ताकदीचा. किती लांब जाते, किती जोरात लागते? जाहिरातीही त्याला हेच सांगतात. सेकंदाला हजार फुटांचा वेग हा त्यांचा आवडता आकडा. या छंदातला पहिला गैरसमज इथेच आहे. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतला छरा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजनाने अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर आणि वेगाने सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो. त्याची ऊर्जा भरते साधारण साडेसात ज्यूल. जगातली सर्वांत अचूक एअर रायफल म्हणजे बाजारातल्या ‘पॉवरफुल’ बंदुकीपेक्षा कितीतरी सौम्य. कारण साधे आहे. कंबर बारीक असलेला छरा आवाजाच्या वेगाजवळ गेला की हवेत डळमळू लागतो. शिवाय स्प्रिंग जितकी दांडगी, तितका बंदुकीचा हिसका मोठा. वेग वाढवणाऱ्याच्या हाती आवाज आणि धक्का येतो, नेम येत नाही. प्रत्येक बाराला तोच वेग, तोच हिसका आणि चापावर तोच दाब हवा. छंदाचा सगळा कस या सारखेपणात आहे.

कायद्याची रेषाही इथेच आखली आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७ इंचापेक्षा, मोठ्या तोंडाची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची हवेची बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. त्या मर्यादेतल्या बंदुकीला परवाना लागत नाही. ओळखीचा पुरावा देऊन ती दुकानातून घेता येते. ऑलिंपिकची रायफल या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली आहे, हे ध्यानात घेतले तर कायदा छंदाच्या आड येतो ही तक्रार उरत नाही. मात्र घरी खटपट करणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. दुकानातून विनापरवाना आणलेल्या बंदुकीला दांडगी स्प्रिंग बसवून किंवा झडपेची भोके वाढवून तिची ऊर्जा २० ज्यूलच्या पुढे नेली, की ती विनापरवाना शस्त्र होते. ‘मी फक्त दुरुस्ती केली’ हा बचाव तिथे टिकत नाही. या छंदातली खटपट बंदूक गुळगुळीत चालावी म्हणून करायची. तिला जास्त जोर यावा म्हणून नव्हे.

ही खटपट नेमकी कशी असते? वीस-पंचवीस वर्षे पडून असलेली स्प्रिंगची बंदूक घ्या. ती उडवली तर टण्ण असा आवाज घुमतो. म्हणजे आतली स्प्रिंग तिच्या दांड्यावर सैल बसली आहे आणि थरथरते आहे. बार कडक वाजला आणि नळीतून निळसर धूर आला, तर पिस्टनपुढे तेल साचले आहे आणि दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते आहे. काहीजण याला ताकद समजून खूश होतात. प्रत्यक्षात त्या भडक्याने वॉशर जळतो आणि स्प्रिंगचे आयुष्य घटते. छरा ढिला पडत असेल तर नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरचा कपटा ठेवून, सुरक्षित दिशेला छरा उडवून पाहावा. कागद फडफडला तर सांध्यातला वॉशर गेला आहे. हवा तिथून निसटते आहे. कागद हलला नाही तर दोष आत, पिस्टनच्या वॉशरमध्ये. इतके साधे निदान कुणालाही घरी करता येते आणि इथूनच गोडी लागते.

पुढचे काम मात्र घाईचे नाही. स्प्रिंग नळकांड्यात काही सेंटिमीटर दाबूनच बसवलेली असते. शिकंज्यात न धरता मागचा बूच काढला तर ती सुटते आणि समोर जे असेल त्यावर आदळते. बोटे आणि डोळे गमावण्याचा तो सरळ मार्ग आहे. म्हणून शिकंजा आधी, पाना नंतर. स्प्रिंग बाहेर आली की सपाट काचेवर लोळवून पाहायची. वाकडी असेल तर लगेच कळते. तिची दोन्ही तोंडे बारीक पॉलिश कागदावर घासून गुळगुळीत करायची. नळकांड्यातल्या खाचांच्या कडांना कारखान्यातून राहिलेली बर (धातूची बारीक धार) असते. ती नवा वॉशर बसवताना त्याला कापते, तेव्हा ती कानशीने हलकेच मोडायची. सैल दांड्याच्या जागी लेथवर नायलॉनचा दांडा स्प्रिंगच्या आतल्या मापाला बरोबर कातून घेतला, की तो टणत्कार जवळजवळ नाहीसा होतो. वंगण बोटाला जेमतेम लागेल इतकेच. जुना चामड्याचा वॉशर असेल तर त्याला दोन थेंब तेल मानवते. नव्या कृत्रिम वॉशरला ते नको. चापातल्या अडकणीला मात्र नवख्याने कानस लावू नये. तिथला दशांश मिलिमीटर कमी झाला तर बंदूक धक्क्याने आपोआप सुटू लागते. अशी बंदूक घरात ठेवणे हा गुन्हा नसला तरी पाप नक्कीच आहे.

या कामाला मोसमाचीही जोड लागते. महाबळेश्वर-कोयनेपासून शिराळ्यापर्यंतचा पाऊस आणि त्यानंतरची दमट हवा लोखंडाला खाते. हाताच्या घामाचे ठसे नळीवर राहिले की पंधरवड्यात तिथे तांबूस डाग उठतो. बंदूक हाताळून झाल्यावर किंचित तेलाचे फडके फिरवावे, ती चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत बंद करून ठेवू नये, आणि दस्त्याचे स्क्रू दर काही दिवसांनी तपासावेत. नेम बिघडला म्हणून साइट फिरवत बसणाऱ्या निम्म्या लोकांचा दोष ढिल्या स्क्रूत असतो. नळी साफ करायला लोखंडी गज तोंडाकडून घालू नये. तोंडाची कड दुखावली की छरा सुटतानाच वाकडा जातो. आणि स्प्रिंगची बंदूक छऱ्यावाचून उडवू नये. पुढे हवेची गादी नसल्याने पिस्टन भिंतीवर आदळतो.

छंदाचा दुसरा अर्धा भाग नेमाचा. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या टार्गेटचा सगळा व्यास साडेचार सेंटिमीटर आणि मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याने त्याच्या नवव्या भागाएवढ्या ठिपक्याला स्पर्श करायचा. स्पर्धेत असे ६० नेम सव्वा तासात साधायचे असतात. एका नेमाचे कमाल गुण १०.९, एकूण ६५४. पुढची माशी आणि मागची साइट यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर असते. तिथे ०.०८ मिलिमीटरची चूक झाली तरी छरा टार्गेटवर एक मिलिमीटर सरकतो. ही चूक डोळ्याला दिसत नाही. ती श्वासात, पायांच्या ठेवणीत, बोटाच्या अधीरतेत असते. म्हणून नेमबाज आधी उभे राहायला शिकतो. रायफलचा भार स्नायूंनी पेलायचा नाही, डाव्या कोपरातून कमरेच्या हाडावर उतरवायचा. डोळे मिटून पवित्रा घ्यायचा आणि उघडल्यावर माशी कुठे आहे ते पाहायचे. ती बाजूला असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि आठ-दहा सेकंदांत मनासारखे जमले नाही तर रायफल खाली घ्यायची. हे खाली घेणे शिकवायला सर्वांत अवघड आणि आयुष्यात सर्वांत उपयोगी.

स्प्रिंगच्या बंदुकीवर ही शिकवण आणखी कडक होते. चाप सुटल्यापासून छरा नळीबाहेर पडेपर्यंत आत पिस्टन धावत असतो आणि बंदूक आधी मागे, मग पुढे हिसका देत असते. तिला मुठीत आवळून धरले तर ती प्रत्येक वेळी वेगळी उडी मारते. तळहातावर सैल ठेवून तिला तिच्या मर्जीने हलू दिले, तर ती दर वेळी सारखीच हलते आणि छरे एका जागी पडतात. काही हजारांच्या देशी बंदुकीवर हे जमलेला मुलगा पुढे लाखांची रायफल हाती आल्यावर डगमगत नाही. शालेय स्पर्धांत ‘ओपन साइट’चा वेगळा गट ठेवलेला असतो, तो याच साध्या बंदुकांसाठी. महागडी रायफल नसलेल्यालाही त्यात उतरता येते.

यंत्र समजणे आणि नेम लागणे या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला दाखवून दिले. अंतिम फेरीच्या तोंडावर चाचणीचा छरा भलतीकडे गेला तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपली साइट हललेली आहे. मोजकी मिनिटे हाती होती. त्याने ती साइट तिथल्या तिथे जुळवली आणि ७००.५ गुणांसह भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. रायफल दुसऱ्याने तयार करून द्यावी आणि आपण फक्त चाप ओढावा, अशा नेमबाजाला त्या क्षणी घाम फुटला असता.

आता प्रश्न असा की हा छंद आपल्याच दोन जिल्ह्यांत का रुजावा. एकेकाळी एकच असलेल्या या मुलखातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या साऱ्या पट्ट्यात धातूवर हात चालवण्याची परंपरा जुनी आहे. मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर हे तिचे सर्वांत देखणे उदाहरण. मिरजेतल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार आणि झिलई देण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवारींची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच हातांचे फळ. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित घासतो. जास्त घासले तर स्वर मरतो, कमी घासले तर उघडत नाही. स्प्रिंगची बंदूक जुळवणाऱ्याचे काम याच जातीचे आहे. तोही ऐकत, अंदाज घेत, अगदी थोडे काढत जातो. त्यात भर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर उभारलेल्या किर्लोस्करवाडीची, आणि पुढे मिरज-कुपवाडपासून साताऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत पसरलेल्या लेथ आणि मिलिंगच्या शेडची. मायक्रोमीटर हाती धरणारी माणसे इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या मुलांना ते ज्ञान एखाद्या आवडीच्या कामात वापरायला मिळाले, तर कारखान्यांनाही उद्या बरे कारागीर मिळतील.

दुसरी जमेची बाजू शिस्तीची. सातारा हा फौजींचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द लोकांनी उगाच जोडला नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार आणि सुभेदार दोन्ही जिल्ह्यांच्या गावोगाव आहेत. हत्यार कसे हाताळायचे, कसे खाली ठेवायचे, फैर बंद करण्याचा हुकूम कसा पाळायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. रेंज चालवायला जी माणसे लागतात ती ही. आज त्यांच्यातले अनेकजण सुरक्षा रक्षकाची नोकरी करतात. गावच्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी शिस्त शिकवण्याचे काम त्यांना आनंदाने करता येईल.

आणि इथल्या मुलांना नेम जमतो का, अशी शंका कुणाला असेल तर तिचे उत्तर धनुर्विद्येने दिले आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्याच स्पर्धेत पुरुषांचे विजेतेपद मिळवणारा नागपूरचा ओजस देवतळे सरावाला होता तो साताऱ्यातच, अदितीच्याच अकादमीत, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. भव्य स्टेडियम नव्हते. जाणता शिक्षक आणि रोज उपलब्ध असलेली जागा एवढे होते. नेमबाजीत शेजारच्या कोल्हापूरने हेच केले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्याआधी मिळाले होते ते १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळे. कोल्हापूरच्या या तिघा नेमबाजांची पदके दारूगोळ्याच्या रायफल-पिस्तुलातली आहेत, पण त्या वाटेवर नव्या मुलाला पाऊल ठेवता येते ते छऱ्यावरच, कारण त्याला परवाना लागत नाही आणि दहा मीटरची खोली पुरते. निव्वळ एअर रायफलवरची महाराष्ट्राची कामगिरीही भक्कम आहे. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, सुमा शिरूरने २००४ मध्ये ४०० पैकी ४०० गुणांची नोंद केली, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १८ व्या वर्षी जगज्जेता झाला. देशातल्या नेमबाजीची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ मध्ये उभी राहिली तीही एका मराठी माणसाच्या, लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मोठी चाचणी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

एवढे सगळे असताना या छंदाकडे संशयाने पाहिले जाते, त्याला कारणेही आहेत आणि ती झाकून चालणार नाही. छऱ्याची बंदूक हाती आली की पहिला मोह पाखरावर नेम धरण्याचा होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानपक्षी मारणे गुन्हा आहे. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून तो माफ होत नाही. खटाव तालुक्यातल्या मायणी तलावावर येणारे रोहित, सागरेश्वरची हरणे, चांदोली-कोयनेच्या जंगलातली पाखरे ही या भागाची श्रीमंती आहे. एक बेफिकीर पोरगा एका दुपारी तिच्यातली किती पाखरे संपवू शकतो, हे गावकऱ्यांना ठाऊक आहे. अरुणाचल प्रदेशात तर २०२१ च्या मार्चमध्ये लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा करण्याची मोहीमच सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. तिथे जंगल शांत पडू लागले होते, म्हणून ती वेळ आली. आपल्याकडे ती येऊ द्यायची नसेल तर छंद करणाऱ्यांनी स्वतःच हा नियम कडक पाळला पाहिजे: जिवंत प्राण्यावर नेम नाही. शेतात वानरे घुसतात, हातची पिके जातात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे आणि नुकसानीची भरपाई व वानरांचा बंदोबस्त शासनाने केलाच पाहिजे. पण छऱ्याने वानर पळत नाही. ते जखम घेऊन मरणापर्यंत कुढत राहते आणि कळप दुसऱ्या दिवशी परत येतो.

दुसरा धोका अपघाताचा. साध्या छऱ्याने डोळा जातो आणि मोकळ्यावर उडवलेला छरा शेकडो मीटर लांब पडू शकतो. गच्चीवर, परसात, बोळात नेम धरण्याची सवय म्हणूनच वाईट. मागे छरा अडवणारी भक्कम भिंत किंवा पेटी नसेल तर बार काढायचा नाही. डोळ्यांवर चश्मा हवा. नळी मोडलेली असताना छरा घालणाऱ्याने दुसऱ्या हाताने ती घट्ट धरावी, कारण अडकण सुटली तर नळी झटक्याने मिटते आणि बोट तुटते. रेंजवर रायफलच्या नळीतून रंगीत दोरा आरपार घालून ठेवायचा असतो. तो दिसला की बंदूक रिकामी आहे हे दुरूनही कळते. छरे शिशाचे असतात. जत्रेतल्यासारखे ते दातांत धरू नयेत आणि सराव संपल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये. पीसीपीचे सिलिंडर मुदतीचे असते. मुदत संपलेले सिलिंडर स्वस्तात मिळाले म्हणून वापरणे, किंवा ओळखीच्या शेडमध्ये ते वेल्ड करून घेणे, हे जिवाशी खेळणे आहे. हे नियम पुस्तकात वाचून अंगी लागत नाहीत. शेजारी उभा असलेला जाणता माणूस टोकतो तेव्हा लागतात.

म्हणजे घोडे अडते ते जागेशी. बंदी घातली तर बंदुका माळ्यांवर आणि शेतांत लपतील. मोकळीक देऊन सोडले तर अपघात होतील. दोन्हींपेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय म्हणजे दहा मीटरची सार्वजनिक रेंज. तिला खर्च किती? १६-१७ मीटर लांबीची एक बंदिस्त खोली, छरे अडवणाऱ्या पेट्या, टार्गेटवर चांगला उजेड, हात धुण्याची सोय आणि एक कुलूपबंद कपाट. स्वयंचलित टार्गेट नंतर येतील. कागदावर शिकलेले नेमबाज जगज्जेते झाले आहेत. बंद पडलेल्या शाळांचे वर्ग, साखर कारखान्यांची रिकामी गोदामे, तालुका क्रीडा संकुलांतले वापराविना पडलेले हॉल यांतून अशी जागा काढणे अशक्य नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की पहिल्या टप्प्यात सातारा, कराड, सांगली-मिरज आणि विटा इथे प्रत्येकी एक दहा मीटर रेंज उभारावी. ती चालवायला माजी सैनिक घ्यावेत आणि तिच्या शेजारच्या खोलीत एक टेबल, एक शिकंजा आणि हत्यारांची पेटी ठेवावी, म्हणजे बंदूक जुळवणेही देखरेखीखाली शिकवता येईल. साखर कारखाने, पतसंस्था आणि शिक्षण संस्थांनी प्रत्येकी दोन-चार देशी रायफली देऊन ज्या घरांना बंदूक परवडत नाही, त्या घरांतल्या मुलामुलींना त्या वापरू द्याव्यात. पोलिसांनी या रेंजकडे संशयाने नव्हे, मदतनीस म्हणून पाहावे; कुणाच्या घरी काय आहे आणि ते कसे वापरले जाते, हे त्यांना कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

आणि ज्यांच्या घरी आज छऱ्याची बंदूक आहे, त्यांना शेवटचे सांगणे. ती माळ्यावरून काढा, जाणत्याच्या हाती तपासून घ्या, तिचा गंज उतरवा, स्क्रू आवळा आणि मुलांच्या हाती न लागेल अशा कुलपात ठेवा. पाखरांवर ती कधीही रोखू नका. जवळ रेंज नसेल तर चार छंदी माणसे मिळून क्रीडा कार्यालयाकडे लेखी मागणी करा आणि मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.